लुगड्याचा कागद, कागदाची गोधडी: नव्याने सुरू करणाऱ्यांसाठी

जुने सुती कपडे गोळा करायचे, त्यांचा लगदा करून कागद काढायचा, त्या कागदावर आपल्या भागातला इंग्रजी अमदानीतला इतिहास टाक्यांनी उतरवायचा आणि सगळे कागद जोडून एक मोठी गोधडी करायची, असं काम आम्ही काही जण मिळून करतो. ते बघून बरेच जण विचारतात की आमच्या गावात, सोसायटीत, शाळेत हे कसं सुरू करायचं, म्हणून एकदाच सगळं सविस्तर लिहिते.

आधी एक गोष्ट, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभंय. इतिहास कागदावर वरून छापून किंवा चिकटवून काम होत नाही, तो सामानातच असायला लागतो. कापूस पिकला इथे, त्याच्यापायी कर्ज झालं इथल्या माणसाला, ते कर्ज लिहिलं गेलं कागदावर, आणि तो कागद वाचता येत नव्हता ज्याच्या नावावर कर्ज होतं त्यालाच. कापड, कागद आणि कर्ज ही एकच गोष्ट आहे. घरातलं लुगडं फाडून त्याचा कागद करताना माणसांना हे हातातून कळतं, मग व्याख्यान द्यावं लागत नाही.

विषय एकच घ्या

"ब्रिटिश काळ" असा विषय घेतला की तिरंगा, चरखा आणि रेल्वेचं इंजिन यापलीकडे कुणी जात नाही. आपल्या तालुक्यातली एकच घटना धरा. आम्ही १८७५ चे दख्खनचे दंगे घेतले, ते थोडक्यात सांगते म्हणजे विषय किती खोलात न्यायचा ते लक्षात येईल.

१८६१ ला अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झालं, लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, मुंबईच्या बाजारात कापसाचे भाव भडकले आणि सावकार शेतकऱ्याला हात सैल सोडून पैसे द्यायला लागले. १८६५ ला युद्ध संपलं, भाव कोसळले, उधारी आटली, आणि १८६७ नंतरच्या फेरआकारणीत इंदापूरसारख्या तालुक्यांतला शेतसारा मात्र वाढला. त्यात १८५९ चा मुदतीचा कायदा होता. कर्जरोखा तीनच वर्षं चालणार असा तो नियम, शेतकऱ्याच्या भल्यासाठी म्हणून केलेला, पण झालं उलटं, दर तीन वर्षांनी जुनं मुद्दल आणि व्याज मिळून नवा रोखा लिहून घेतला जायचा आणि त्याच्यावर परत व्याज. १८७४ च्या डिसेंबरात शिरूरजवळच्या करडे गावात लोकांनी सावकारावर बहिष्कार टाकला, आणि १२ मे १८७५ ला सुप्याला (आता बारामती तालुक्यात) बाजारात जमलेल्या लोकांनी सावकारांच्या दुकानांवर चाल केली. त्यांना हवे होते ते रोखे आणि वह्या. ते काढून जाळले. पुणे-नगर भागातल्या कितीतरी गावांत हेच झालं, त्यावर सरकारने आयोग नेमला आणि १८७९ ला शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा आला.

कागदाची गोधडी करायला याच्याहून नेमका विषय मला तरी सुचत नाही.

तुम्ही दुसरीकडे असाल तर तुमच्याकडेही काहीतरी आहेच. गिरणगावातल्यांना ३१ जुलै १९२१ ची परळच्या एल्फिन्स्टन मिलच्या आवारातली परदेशी कापडाची होळी आहे, १२ डिसेंबर १९३० ला काळबादेवीत परदेशी मालाच्या ट्रकपुढे आडवे झालेले बाबू गेनू आहेत, आणि हिंदुस्थानी गिरण्यांच्या कापडावर १८९६ पासून १९२५ पर्यंत लावलेला साडेतीन टक्क्यांचा अबकारी कर आहे. विदर्भवाल्यांकडे खामगावचा कापूस बाजार आहे, तिथपर्यंत १८७० मध्ये खास रेल्वेचा फाटा नेला होता. मँचेस्टरकडे राहणाऱ्या मराठी मंडळींनी तर हे जरूर करावं, कारण त्याच १८६१ ते ६५ च्या काळात कापूस न मिळाल्याने तिथल्या गिरण्या बंद पडून कामगारांची उपासमार झाली होती, म्हणजे दोन्ही टोकांची कथा एका गोधडीवर येऊ शकते.

माणसं आणि जुने कागद

दहा ते पंधरा जणांचा गट पुरतो. त्यात गोधडी किंवा वाकळ शिवणाऱ्या दोन-तीन म्हाताऱ्या बायका हव्यातच आणि त्यांना "मदतीला" बोलवू नका, शिकवायला बोलवा. ज्यांचं पोट शिवणकामावर आहे त्यांना त्यांच्या वेळेचे पैसे द्या, हौसेच्या नावाखाली फुकट राबवून घेणं या विषयाशीच विसंगत आहे.

मग घरोघरी विचारा की जुने कागद आहेत का. गहाणखत, खरेदीखत, शेतसाऱ्याच्या पावत्या, सावकाराच्या वहीतलं पान, काहीही. बरेच मोडीत असतात, मग गावात किंवा पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात मोडी वाचणारं कुणी मिळतंय का बघा. घरी काहीच नसेल तर राज्य पुराभिलेखागार आहे, मुंबईला काळाघोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत आणि पुण्याला पेशवे दफ्तर. आणि इंग्रजांच्या काळात जिल्हावार निघालेले गॅझेटियर गॅझेटियर विभागाच्या साइटवर वाचायला मिळतात, त्यात आपल्या तालुक्याचं पीक, कर्ज, बाजार, विणकर सगळं असतं, फक्त ते साहेबाच्या नजरेने लिहिलंय हे वाचताना विसरायचं नाही.

एक नियम दगडावरची रेघ समजा: अस्सल कागदाला पाणी, कात्री, सुई काही लावायचं नाही. फोटो काढायचा, चांगली झेरॉक्स काढायची, अस्सल त्याच दिवशी परत द्यायचा.

आणि हेही आधीच बोलून घ्या. ज्या सावकारांकडचे रोखे जाळले गेले त्यांचे वंशज अजून त्याच गावात राहतात, कदाचित तुमच्याच गटात असतील. दंग्यांत बहुतेक राग मारवाडी आणि गुजर सावकारांवर निघाला, पण सावकाराच्या मागे कोर्ट होतं, शेतसारा वसूल करणारं सरकार होतं, आणि या सगळ्यांच्या वर लँकेशायरचा बाजार होता. ही सगळी साखळी गोधडीत आली पाहिजे. एका जातीला व्हिलन करून काम संपवलं तर ते खोटं होईल आणि गावात कायमची कटुता राहील ती वेगळीच. सावकाराच्या घरातूनही कपडा मागा. आम्हाला मिळाला.

कापड निवडणं

फक्त शंभर टक्के सुती. लुगडी, धोतरं, पंचे, चादरी, वापरून वापरून विरलेलं असेल तितकं चांगलं कारण तंतू आधीच मऊ झालेले असतात. टेरिकॉट अजिबात चालत नाही. खात्री करायची तर कडेचा दोरा काढून जाळून बघा, सूत असेल तर कागद जळल्याचा वास येतो आणि राख होते, पॉलिस्टर वितळून टणक मणी होतो. बटणं, हुक, इलॅस्टिक, जरीचे काठ आणि शिवणी सगळं कापून काढा. शिवणीतला दोरा हल्ली पॉलिस्टरचा असतो आणि तो लगद्यात केसासारखा तरंगत राहतो, मग हैराण व्हायला होतं.

प्रत्येकाने आपल्या घरचा कपडा आणायचा आणि तो कुणाचा होता ते सांगायचं. हे वहीत लिहून ठेवा. मग बाजूला बसून सगळ्यांनी मिळून एक ते दीड सेंटिमीटरचे तुकडे करायचे. हे काम कंटाळवाणं आहे आणि खरी बोलणी इथेच होतात, म्हणून घाई करू नका, एक अख्खी दुपार याला द्या.

किती लागेल

ए-फोर आकाराचे ४८ कागद, सहा आडवे आणि आठ उभे, जोडले की साधारण चार फूट बाय पावणेआठ फुटाची गोधडी होते. जरा जाडसर, दीडशे जीएसएमचा (म्हणजे एका चौरस मीटरला दीडशे ग्रॅम वजनाचा) कागद धरला तर एकाला साधारण साडेनऊ ग्रॅम कोरडा लगदा लागतो, म्हणजे ४८ ना साडेचारशे ग्रॅम. फुकट जाणारं, फाटणारं, सरावाचं धरून पाऊण किलो तयार ठेवा. त्यातलं साडेचारशे ग्रॅम कापड आणि तीनशे ग्रॅम कागद.

हा कागद म्हणजे त्या रोख्यांच्या झेरॉक्सच. तीनशे ग्रॅम म्हणजे साठेक पानं. आधी प्रत्येकाने एक झेरॉक्स हातात घेऊन ज्याला वाचता येईल त्याने मोठ्याने वाचायची, मग हाताने फाडून पाण्यात टाकायची. झेरॉक्सची शाई पाण्यात विरघळत नाही, तिचे काळे बारीक ठिपके लगद्यात तसेच राहतात आणि वाळल्यावर कागदभर दिसतात, कधी कधी तर "रुपये"मधला एखादा "रु" अख्खा सापडतो. ते काढायचा प्रयत्न करू नका.

लगदा

कापडाचे तुकडे रात्रभर भिजवा. दुसऱ्या दिवशी स्टीलच्या मोठ्या पातेल्यात, ॲल्युमिनियमच्या नाही कारण सोडा त्याला खातो, भरपूर पाण्यात धुण्याचा सोडा घालून दोन ते तीन तास उकळायचं. एक किलो कोरड्या कापडाला शंभर ते दीडशे ग्रॅम सोडा हे प्रमाण, आपल्या साडेचारशे ग्रॅमला ५० ते ७० ग्रॅम झाला. अंगणात, उघड्यावर, हातात रबरी मोजे, पोरं लांब. मग पाणी स्वच्छ येईपर्यंत आणि हाताला बुळबुळीत लागायचं थांबेपर्यंत धुवा. ते पातेलं परत स्वयंपाकाला घ्यायचं नाही.

आता कुटणं. कारखान्यात याला बीटर मशीन असतं, जुने कागदी लोक, म्हणजे हाताने कागद करणारे, ढेकीने (पायाने चालवायच्या मोठ्या मुसळाने) कुटायचे. आपल्याकडे दोन मार्ग. एक, दगडावर लाकडी मोगरीने तुकडे ठेचत बसायचं, वेळ लागतो पण तंतू लांब राहतात आणि कागद मजबूत होतो, आणि दहा जण आळीपाळीने बसले तर जमतं. दुसरा, जुना मिक्सर. मूठभर भिजलेलं कापड-कागद आणि भांडंभर पाणी, वीस-तीस सेकंद फिरवायचं, थांबायचं, परत फिरवायचं. जास्त कोंबलं की चिंध्या पात्याला गुंडाळल्या जातात आणि मोटर जळते. मी म्हणेन आधी थोडं ठेचा आणि मग मिक्सरला लावा. चमचाभर लगदा काचेच्या ग्लासातल्या पाण्यात ढवळून उजेडात धरा, गाठी दिसल्या तर अजून व्हायचंय.

जमलं तर हे सुरू करण्याआधी पुण्याला शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेत एक चक्कर मारा, गांधीजींच्या प्रेरणेने १९४० ला सुरू झालेली आहे. संभाजीनगरकडचे असाल तर दौलताबादजवळचं कागजीपुरा, तिथे अजून हाताने कागद होतो. दौलताबादी आणि जुन्नरी कागदावर एकेकाळी मराठ्यांची दफ्तरं लिहिली गेली, आणि पुढे गिरणीचा स्वस्त कागद आल्यावर याच कागदी लोकांचं काम गेलं. ही पण तुमच्या गोधडीचीच गोष्ट आहे.

चौकट आणि त्यातली निशाणी

दोन सारख्या लाकडी चौकटी करून घ्या, आतून ए-फोर मापाच्या. एकीवर स्क्रीन प्रिंटिंगची किंवा मच्छरांची बारीक नायलॉन जाळी ताणून ठोका, दुसरी मोकळी, ती वर बसते.

आता या कामातला माझा सगळ्यात आवडता भाग. जुन्या मराठी कागदांवर ज्याला लिहिता येत नाही तो सहीच्या जागी आपली निशाणी करायचा, कुणबी असेल तर नांगर, बाई असेल तर बांगडी किंवा काकण. आमच्या एका झेरॉक्समध्ये कोपऱ्यात चार रेघांचा तो नांगर होता, लिहिणाऱ्या कारकुनाचं अक्षर टपोरं आणि शेजारी ही हललेल्या हाताची रेघ. गटातल्या प्रत्येकाला विचारा, तुमची निशाणी काय? एका आजींनी खुरपं सांगितलं. रिक्षा चालवणाऱ्या भाऊंनी हँडल काढलं.

ही निशाणी तांब्याच्या बारीक तारेने, मोटर वाइंडिंगवाल्याकडे मिळते ती, वाकवून तयार करा आणि नायलॉनच्या दोऱ्याने चौकटीच्या जाळीवर शिवून टाका. तारेच्या जागी लगदा पातळ बसतो आणि वाळल्यावर कागद उजेडात धरला की निशाणी उमटलेली दिसते. स्टॅम्प पेपरात सरकारचा वॉटरमार्क असतो, इथे कागदाच्या पोटात तुमचा असतो. आपला लगदा जाडाभरडा असल्यामुळे तार फार बारीक नको, एक मिलिमीटरच्या आसपास, आणि आकार साधा ठेवा. एकाची झाली की दोरा कापून काढायची, दुसऱ्याची शिवायची.

कागद काढणं

मोठ्या टबात पाणी आणि त्यात लगदा, एकूण पातळ ताकाइतकं. प्रत्येक वेळी हाताने ढवळायचं कारण लगदा तळाला बसतो. दोन्ही चौकटी एकत्र धरून तिरक्या आत घालायच्या, आडव्या करायच्या, सरळ वर उचलायच्या, आणि पाणी गळत असतानाच एकदा पुढे-मागे, एकदा डावी-उजवीकडे हलकं हलवायचं म्हणजे तंतू एकमेकांत अडकतात. पहिले कागद जाड-पातळ येणारच, ते परत टबात टाका.

वरची चौकट काढून खालची ओल्या सुती कापडावर उलटी दाबायची, मागून स्पंजने पाणी टिपायचं आणि एका कडेने उचलायची. आणि इथे शिवण्यासाठीची युक्ती: गोधडीत जाणारा प्रत्येक कागद दोन पातळ थरांचा करा आणि मधे ओला असतानाच जुन्या मलमलीचा एक तुकडा ठेवा. वाळल्यावर तिन्ही एकजीव होतात, टाका ओढला तरी फाटत नाही. फक्त निशाणीच्या जागी मलमलीला खिडकी कापा आणि त्याच जागी मागच्या थरातलाही लगदा बोटाने बाजूला सारा, नाहीतर उजेड आरपार येणार नाही. मलमल न घालता नुसत्या कागदावर शिवलेली गोधडी टांगली की स्वतःच्या वजनाने उसवते.

कापड-कागद-कापड असा ढीग करून दोन फळ्यांमध्ये ठेवा, वर विटा. रात्रभर. मग एकेक कागद काचेवर किंवा गुळगुळीत फरशीवर चिकटवून सावलीत वाळवायचा. हे काम दिवाळीनंतर ते होळीपर्यंत काढा, पावसाळ्यात कागद चार-चार दिवस ओला राहतो आणि बुरशी धरतो.

ज्यावर शाईने लिहायचंय त्याला तांदळाच्या पिठाची अगदी पातळ खळ लावा, वाळली की गुळगुळीत गोट्याने घोटा. पूर्वीच्या कागदांची चकाकी अशीच यायची. खळ जाड लावू नका, कसर लागते. टबातलं उरलेलं पाणी फडक्यातून गाळूनच ओता, लगदा मोरीत गेला तर पाइप तुंबतो.

शिवण

कपड्याला एकदा चुकलेला टाका उसवता येतो, कागदाला भोक राहतं ते राहतंच. म्हणून आधी पेन्सिलने खूण, मग खाली थर्माकोल ठेवून बारीक दाभणाने भोकं, मग सुई. दोन भोकांत आठ-दहा मिलिमीटर अंतर ठेवा, जवळ-जवळ टोचलं तर कागद त्या रेषेवरून अलगद फाटतो. दोरा सुती, त्याच्यावरून मेणाचा तुकडा एकदा फिरवा. ओढताना कागदाला समांतर ओढायचा, वर खेचायचा नाही. टाका साधा धावदोरा, गोधडीचाच. सॅटिन, भरतकाम वगैरे जड प्रकार कागदाला सोसत नाहीत. मशीन वापरायचं असेल तर सगळ्यात लांब टाका ठेवा आणि ती सुई नंतर कपड्याला वापरू नका, कागदाने बोथट होते.

काय शिवायचं? प्रत्येकाला एक कागद. घरात ऐकलेली एखादी गोष्ट, रोख्यातला एखादा आकडा, व्याजाचा दर, गावाच्या बाजाराचा नकाशा, किंवा फक्त एक नाव. चित्र यायलाच हवं असं नाही. आमच्याकडे एका मुलीने मुद्दल एका रंगात आणि तीन-तीन वर्षांनी वाढत गेलेली रक्कम दुसऱ्या रंगात, इतक्याच टाक्यांच्या ओळी घातल्या, शेवटच्या ओळीला कागद पुरेना म्हणून तिने ती शेजारच्या कागदावर नेली. ती ओळ बघितल्यावर १८५९ चा कायदा कुणाला समजवावा लागला नाही.

जोडताना मागे मांजरपाटाचा अस्तर घ्या आणि कागद एकमेकांना न शिवता अस्तराला शिवा, कडा अर्धा सेंटिमीटर एकमेकांवर. निशाणीमागे अस्तरालाही खिडकी ठेवा. क्रम कसा लावायचा यावर वाद होतात, होऊ द्या. उत्तर कन्नडमधल्या सिद्दी बायका त्यांची कवंदी, म्हणजे गोधडीच, शिवताना कडेपासून सुरुवात करून फिरत फिरत मधे येतात. त्यांचे बरेचसे पूर्वज पोर्तुगीजांच्या काळात गुलाम म्हणून गोव्याला आणलेले आफ्रिकन लोक, म्हणजे त्या गोधडीतही वसाहतीचा इतिहास आहेच. कडेपासून मधे या पद्धतीत दहा जणी चारी बाजूंनी एकाच वेळी बसू शकतात, म्हणून गटाच्या कामाला ती फार सोयीची. तुम्ही ती घेतलीत तर कुणाची पद्धत आहे ते गोधडीच्या मागे लिहा.

मागची बाजू, आणि नंतर

मागे अस्तरावर सगळ्यांची नावं, कपडा कुणाचा होता ते, मोडी कुणी वाचली ते. ज्याला नाव नको असेल त्याचं नको. गोधडी कुणाच्या ताब्यात राहणार, बाहेर प्रदर्शनाला द्यायची की नाही आणि विकली गेली तर पैसे कसे वाटायचे हे पहिल्या बैठकीतच ठरवून वहीत लिहा आणि खाली सगळ्यांच्या निशाण्या घ्या. शेवटी हा विषय काढला की भांडणं होतात.

टांगताना वरच्या कडेला अस्तराची नळी शिवून त्यात काठी घाला म्हणजे वजन सगळीकडे सारखं पडतं. खिडकीसमोर पण थेट ऊन न लागेल अशी जागा बघा, मागून उजेड आला की निशाण्या दिसतात. घडी कधीच घालू नका. जाड पीव्हीसी पाइपवर टाके बाहेरच्या बाजूला ठेवून गुंडाळा, वर धुतलेली सुती चादर, प्लास्टिक नको. दर दोन-तीन महिन्यांनी उलगडून कसर, बुरशी बघा, आणि पावसाळ्यानंतर एकदा तर नक्कीच. उरलेला लगदा पिळून गोळे करून वाळवून ठेवता येतो, भिजवला की परत वापरता येतो, शेजारच्या गावाला सुरू करायचं असेल तर त्यातलाच थोडा द्या.